विल्यम हेन्री साइक्स

कर्नल विल्यम हेन्री साइक्स (जन्म : २५ जानेवारी १७९०, मृत्यू : १६ जून १८७२) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातील अधिकारी, निसर्गअभ्यासक, संख्याशास्त्रज्ञ आणि ब्रिटिश संसदेचे सदस्य होते. दख्खनमधील पक्षी, सस्तन प्राणी, मासे, कीटक, हवामान, भूरचना, जमीनधारणा पद्धती व लोकसंख्या अशा अनेक विषयांवर त्यांनी लेखन केले. भीमा, मुळा-मुठा, घोड व इंद्रायणी या नद्यांतील माशांची पहिली पद्धतशीर शास्त्रीय नोंद त्यांच्या नावे आहे. या माशांपैकी अनेकांना त्यांनी नदीकाठी रूढ असलेली मराठी नावेच शास्त्रीय नावे म्हणून दिली. त्यामुळे खुद्री, मळ्या, शिंगाळा, कोळस हे शब्द आज जगभरच्या प्राणिशास्त्रात वापरले जातात. पुणे जिल्ह्यातील व विशेषतः मावळातील नद्यांमध्ये पूर्वी कोणते मासे होते, हे ठरवताना आजचे संशोधक त्यांच्या नोंदींपासूनच सुरुवात करतात.

प्रारंभीचे जीवन

साइक्स यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातील एका जुन्या घराण्यात झाला. त्यांच्या वडिलांचे नाव सॅम्युएल साइक्स. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास, १८०३ मध्ये, ते कंपनीच्या सैन्यात कॅडेट म्हणून दाखल झाले आणि १८०५ मध्ये त्यांना लेफ्टनंटचे पद मिळाले. लॉर्ड लेक यांच्या नेतृत्वाखाली भरतपूरला पडलेल्या वेढ्यात त्यांनी भाग घेतला होता.

१८१० मध्ये हिंदुस्थानी व मराठी या दोन भाषांच्या दुभाषाची परीक्षा ते उत्तीर्ण झाले. कंपनीच्या सैन्यात बढती मिळवण्यासाठी अनेक तरुण अधिकारी अशी परीक्षा देत. साइक्स यांच्या बाबतीत मात्र या भाषाज्ञानाचा उपयोग छावणीपुरता राहिला नाही. गावोगावच्या लोकांशी बोलून माहिती गोळा करण्याचे जे काम पुढे त्यांच्याकडे आले, त्याचा पाया या परीक्षेने घातला गेला.

लष्करी कारकीर्द

१८१७ च्या नोव्हेंबर महिन्यात खडकीची लढाई झाली आणि त्यानंतर पेशव्यांच्या हातून पुणे गेले. खडकी व पुणे येथील लढायांत साइक्स यांनी देशी पलटणींचे नेतृत्व केले. त्यानंतर डोंगरी किल्ले ताब्यात घेण्याच्या मोहिमांतही ते सहभागी होते. १८१९ मध्ये ते कॅप्टन झाले. १८२० मध्ये रजा घेऊन ते मायदेशी परतले आणि सुमारे चार वर्षे त्यांनी युरोपात प्रवास केला. याच काळात भूविज्ञान, प्राणिशास्त्र व हवामान या विषयांची त्यांची गोडी वाढली. १८२४ मध्ये एलिझाबेथ हे यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

मराठी राज्य संपुष्टात आणणाऱ्या सैन्यातला हा अधिकारी काही वर्षांनी त्याच मुलखाचा अभ्यासक म्हणून परत आला. साइक्स यांच्या कामाचे मूल्यमापन करताना ही पार्श्वभूमी विसरता येत नाही. नव्याने हाती आलेल्या प्रदेशाचा महसूल, पिके, लोकसंख्या व साधनसंपत्ती यांची मोजदाद करणे ही कंपनी सरकारची गरज होती आणि त्या गरजेतूनच साइक्स यांची पुढील नेमणूक झाली.

सांख्यिकी वृत्तांतकार

मुंबई इलाख्याचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८२४ मध्ये साइक्स यांची मुंबई सरकारचे सांख्यिकी वृत्तांतकार म्हणून नेमणूक केली. या पदावर असताना त्यांनी पुणे, अहमदनगर, खानदेश व धारवाड या कलेक्टोरेटांची माहिती जमवली. गावांची व घरांची संख्या, जातवार लोकसंख्या, पिके, बाजारभाव, मजुरीचे दर, वजने-मापे, पाटील-कुलकर्ण्यांची वतने आणि बलुतेदारी अशा बाबींचा त्यात समावेश होता. दख्खनमधील जमीनधारणेवरील त्यांचे लेखन पुढे रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

१८२६ मध्ये ते मेजर झाले. डिसेंबर १८२९ मध्ये काटकसरीच्या धोरणामुळे सांख्यिकी वृत्तांतकाराचे पद रद्द करण्यात आले. काम अपुरे राहिलेले असल्यामुळे साइक्स यांनी लष्करी सेवेत परतण्याऐवजी रजा घेतली आणि ते काम वेतनाविना पुढे चालू ठेवले. जानेवारी १८३१ मध्ये ते पूर्ण करून त्यांनी हिंदुस्थान सोडला. त्याच वर्षी त्यांना लेफ्टनंट कर्नलचे पद मिळाले आणि १८३३ मध्ये ते कर्नल म्हणून निवृत्त झाले.

सरकारी कामासाठी करावी लागणारी फिरती हीच त्यांच्या निसर्गअभ्यासाची संधी ठरली. मुक्कामाच्या ठिकाणी ते तापमान, हवेचा दाब व आर्द्रता मोजत, उकळत्या पाण्याच्या तापमानावरून डोंगरांची उंची काढत, पक्षी व प्राणी यांचे नमुने जमवत आणि नद्यांतील मासे पाहत. दख्खनच्या हवामानावरील त्यांचा प्रबंध १८३५ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. दिवसाच्या ठराविक वेळी हवेचा दाब नियमितपणे कसा वाढतो व घटतो, याची विस्तृत नोंद त्यात आहे.

पक्षी, प्राणी व कीटक

इंग्लंडला परतल्यावर साइक्स यांनी दख्खनमधील सस्तन प्राण्यांची व पक्ष्यांची यादी लंडनच्या झुऑलॉजिकल सोसायटीपुढे मांडली. ती १८३१ व १८३२ मध्ये सोसायटीच्या वृत्तांतात प्रसिद्ध झाली. आपल्याकडे पाणथळ जागी सर्वत्र दिसणारा वंचक अथवा ढोकरी बगळा शास्त्राला प्रथम परिचित झाला तो याच यादीतून. मोठा सातभाई या पक्ष्याला त्यांनी मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांचे नाव दिले. रातवा कुळातील एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्यांनी मराठ्यांचा उल्लेख केला, तर एका चंडोलाला देवा आणि एका लहान वटवट्याला रामा अशी नावे दिली. हा रातवा, हा चंडोल आणि हा वटवट्या हे तिन्ही पक्षी इंग्रजीत आजही साइक्स यांच्या नावाने ओळखले जातात.

सह्याद्रीच्या जंगलातील रानकुत्रा, म्हणजे मराठीतील कोळसून, याचे वर्णन त्यांनी दख्खनच्या नावाने केले. पुढे हा प्राणी आधीच वर्णन झालेल्या आशियाई रानकुत्र्याच्या जातीतलाच असल्याचे ठरले व साइक्स यांचे नाव मागे पडले.

कीटकांविषयीच्या त्यांच्या नोंदींत पुण्यातील मुंग्यांचे निरीक्षण विशेष प्रसिद्ध आहे. वारुळात साठवलेले गवताचे बी पावसाने ओले झाले की मुंग्या ते बाहेर आणून उन्हात वाळत घालतात, असे त्यांनी पाहिले. मुंग्या धान्य साठवतात हा प्राचीन समज युरोपातील अनेक अभ्यासकांनी त्या काळी मोडीत काढला होता, कारण थंड प्रदेशातील मुंग्यांमध्ये तशी सवय त्यांना आढळली नव्हती. साइक्स यांच्या नोंदीमुळे हा प्रश्न पुन्हा विचारात घेतला गेला. दख्खनमधील रानरेशमाच्या किड्यावरही त्यांनी स्वतंत्र लेख लिहिला.

दख्खनचे मासे

हिंदुस्थानातील गोड्या पाण्याच्या माशांचा पहिला मोठा ग्रंथ फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या माशांवर लिहिला होता. पूर्वेकडे वाहणाऱ्या दख्खनच्या नद्यांविषयी मात्र अभ्यासकांना फारच थोडी माहिती होती. ही उणीव साइक्स यांच्या प्रबंधाने भरून काढली. १८३८ च्या अखेरीस झुऑलॉजिकल सोसायटीपुढे वाचलेल्या या प्रबंधाचा सारांश १८३९ मध्ये, तर चित्रांसह पूर्ण मजकूर १८४१ मध्ये प्रसिद्ध झाला.

साइक्स यांच्या नोंदींत भीमा, मुळा-मुठा, घोड व इंद्रायणी या नद्यांची नावे वारंवार येतात. यांपैकी इंद्रायणी ही मावळची नदी होय. लोणावळ्याजवळ कुरवंडे गावाच्या परिसरात उगम पावून ती मावळ ओलांडते, देहू व आळंदीवरून पुढे जाते आणि तुळापूर येथे भीमेला मिळते. घाटमाथ्याजवळ ती खडकाळ व वेगवान आहे, तर सपाटीवर तिच्यात खोल डोह आहेत. माशांच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. दगडाला चिकटून राहणारे लहान मासे वरच्या प्रवाहात आढळतात, तर मोठ्या माशांना उन्हाळा काढण्यासाठी डोह लागतात.

साइक्स यांनी वर्णन केलेले काही मासे पुढीलप्रमाणे आहेत :

खुद्री : महसीर कुळातील हा मोठा मासा साइक्स यांनी पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठा नदीतून नोंदवला. आज त्याचे शास्त्रीय नाव टॉर खुद्री असे आहे. पंखांच्या निळसर छटेमुळे त्याला निळ्या पंखांचा महसीर असेही म्हणतात.

मळ्या : दगडावरील शेवाळ खाणारा व खालच्या बाजूला तोंड असलेला हा लहान मासा सह्याद्रीच्या ओढ्यांत आजही विपुल आहे. त्याचे नाव गारा मळ्या.

शिंगाळा : लांब मिशांचा हा मोठा मासा स्पेराटा सिंघाला या नावाने ओळखला जातो. रोमन लिपीतून परत देवनागरीत येताना नावाचे रूप पालटले, तरी मूळ मराठी शब्द त्यात स्पष्ट दिसतो.

नकटा : कपाळाखाली आडवी खोबण असल्यामुळे नाक बसल्यासारखा दिसणारा हा मासा होय. साइक्स यांनी त्याला नुक्ता हे जातिनाम दिले.

कोळस, घोगऱ्या, पोटील : हे मासेही त्यांच्या स्थानिक नावांवरूनच शास्त्रात गेले. कोळस हे नाव कोलस, घोगऱ्या हे गोगरा आणि पोटील हे पोटेल या रूपात आढळते.

रोहटी : येथे साइक्स यांनी एका जातीपुरते न थांबता संपूर्ण प्रजातीलाच स्थानिक नाव दिले. ही प्रजाती आजही मान्य आहे.

सर्वच मासे मराठी नावांनी नोंदवले गेले असे नाही. विगर्स, ओगिल्बी, यारेल, चिल्ड्रेन या लंडनमधील समकालीन अभ्यासकांची नावेही त्यांनी काही माशांना दिली. परंतु या प्रबंधात स्थानिक नावांचे प्रमाण लक्षणीय आहे.

नावांचे महत्त्व

प्राण्याच्या शास्त्रीय नावाचे दोन भाग असतात. पहिला भाग प्रजातीचा व दुसरा जातीचा. अभ्यास वाढला की प्रजाती बदलू शकते. साइक्स यांनी खुद्रीला बार्बस या प्रजातीत घातले होते, आज तो टॉर या प्रजातीत आहे. जातीचे नाव मात्र, ते सर्वांत आधी योग्य रीतीने प्रसिद्ध झालेले असेल, तर कायम राहते. या नियमामुळे मुळा-मुठेच्या काठी बोलला जाणारा खुद्री हा शब्द जवळजवळ दोन शतके टिकून आहे आणि पुढेही टिकेल. ज्या मच्छीमारांनी ही नावे सांगितली, त्यांची स्वतःची नावे प्रबंधात नोंदलेली नाहीत. त्यांचे माशांविषयीचे ज्ञान मात्र या शब्दांच्या रूपाने शास्त्रात शिल्लक राहिले.

या पद्धतीचा व्यावहारिक लाभही आहे. साइक्स यांनी पाहिलेल्या अनेक माशांचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. अशा वेळी नेमका कोणता मासा त्यांच्यासमोर होता, हे ठरवण्यासाठी वर्णन, चित्र, नदीचे नाव आणि मराठी नाव एवढाच आधार उरतो. मसला या नावाचे उदाहरण बोलके आहे. साइक्स यांचे हे जातिनाम बराच काळ महसीर गटातील माशाला लावले जात होते. मूळ वर्णन व चित्र यांची पुन्हा तपासणी झाल्यावर तो महसीर नसून हिप्सेलोबार्बस या वेगळ्या प्रजातीतील मासा असल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले. नाव चुकले की संरक्षण भलत्याच माशाला मिळते, म्हणून अशा चर्चेला केवळ ग्रांथिक महत्त्व नसते.

पुढील अभ्यास

साइक्स यांच्यानंतर फ्रान्सिस डे यांनी १८७५ ते १८७८ या काळात हिंदुस्थानच्या माशांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला व त्यात साइक्स यांच्या नोंदींची छाननी केली. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी १९१९ मध्ये सातारा व पुणे जिल्ह्यांतील लहान ओढ्यांच्या माशांवर लेख लिहिला. मावळातील खंडाळा येथील घाटकड्यालगतच्या ओढ्यातून त्यांनी एका नव्या लहान माशाची नोंद केली. साइक्स यांचे लक्ष प्रामुख्याने मोठ्या नद्यांकडे होते. घाटमाथ्यावरच्या ओढ्यांची उणीव अ‍ॅनंडेल यांच्या कामाने काही अंशी भरून निघाली.

पुण्याच्या माशांवर फ्रेझर यांनी १९४२ मध्ये, सूटर यांनी १९४४ मध्ये आणि तोनापी व मुल्हेरकर यांनी १९६३ मध्ये लेखन केले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा जुन्या याद्यांची तुलना करून पुणे परिसरातील माशांच्या विविधतेत दीर्घकाळात कसा बदल होत गेला, हे मांडण्यात आले. इंद्रायणीच्या माशांवरील स्वतंत्र अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रदूषण, अतिरिक्त मासेमारी आणि बाहेरून आणून सोडलेले मासे यांमुळे नदीतील मूळ माशांवर ताण येत असल्याचे अशा अभ्यासांतून दिसते. नकटा हा मासा आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत २०११ पासून संकटग्रस्त गणला गेला आहे. एखादा मासा नदीतून नाहीसा झाला असे म्हणायचे तर तो तेथे पूर्वी होता, हे आधी सिद्ध करावे लागते. पुणे जिल्ह्याच्या बाबतीत हा सर्वांत जुना शास्त्रीय पुरावा साइक्स यांच्या प्रबंधात मिळतो.

मावळातील जतन

साइक्स यांच्या काळी माशांचा अभ्यास मुख्यतः मेलेल्या नमुन्यांवर व चित्रांवर चाले. जिवंत मासे काचेच्या टाकीत दीर्घकाळ ठेवण्याची पद्धत रूढ झाली ती त्यानंतर. ज्या झुऑलॉजिकल सोसायटीने साइक्स यांचा प्रबंध छापला, तिनेच १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. पुढील वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे मत्स्यालयावरील पुस्तक आले आणि घरोघरी मासे पाळण्याची हौस पसरली.

दख्खनचे मासे पाळताना नदीचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. मळ्यासारख्या प्रवाहप्रिय माशाला प्राणवायूने भरलेले वाहते पाणी, गुळगुळीत दगड आणि शेवाळ लागते. साचलेल्या कोमट पाण्यात तो तग धरत नाही. खुद्री लहानपणी टाकीत शोभून दिसला, तरी तो फार मोठा वाढतो आणि घरगुती टाकी त्याला पुरत नाही. त्याला सांभाळायचे तर धरणाचा जलाशय किंवा मोठे तळेच लागते.

असे मोठ्या प्रमाणावरील संगोपन मावळातच झाले. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. त्याला पाणी पुरवणाऱ्या टाटांच्या तलावांपैकी वळवण हा लोणावळ्याचा तलाव होय. या तलावाच्या काठी १९७० च्या दशकापासून टाटा वीज कंपन्यांनी महसीर संवर्धन केंद्र चालवले. मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी व एस. एन. ओगले यांनी तेथे महसीराच्या कृत्रिम प्रजननाची पद्धत बसवली. पावसाळ्यात पक्व नर-माद्या धरून मादीची अंडी हलक्या हाताने दाबून काढतात व त्यांवर नराचे वीर्य मिसळतात. फलित अंडी ट्रेमध्ये पसरून त्यांवरून सतत स्वच्छ पाणी वाहते ठेवतात. रोहू किंवा कटला यांच्या तुलनेत महसीराची अंडी संख्येने कमी व आकाराने मोठी असतात. ती तळाशी बसतात आणि पाण्याचा प्रवाह थांबला की गुदमरून मरतात. साधारण तीन ते चार दिवसांत पिल्ले बाहेर येतात, पण त्यानंतरही काही दिवस ती पोटातील बलकावरच जगत कोपऱ्यात गर्दी करून पडून राहतात. हा नाजूक काळ पार पाडणे हेच या कामातील मुख्य कौशल्य होय.

लोणावळ्यात वाढवलेली खुद्रीची पिल्ले देशाच्या अनेक भागांतील जलाशयांत व नद्यांत सोडण्यात आली. या यशाला दुसरी बाजूही आहे. कावेरी नदीत सोडलेला खुद्री तेथे फोफावला आणि त्याच नदीतील कुबडा महसीर झपाट्याने घटला. २०१८ मध्ये या कुबड्या महसीराची शास्त्रीय ओळख टॉर रेमादेवी अशी निश्चित झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. खुद्री स्वतः २०११ मध्ये संकटग्रस्त गणला गेला होता. पुढील फेरमूल्यांकनात तो कमी चिंतेच्या वर्गात आला. मासा वाचवताना तो मुळात कोणत्या नदीचा, हे पाहणे किती आवश्यक आहे, याचा धडा या घटनाक्रमातून मिळतो. साइक्स यांनी प्रत्येक माशासोबत नदीचे नाव नोंदवले, त्याचे मोल येथे कळते.

शास्त्रीय प्रयत्नांच्या आधीपासून काही ठिकाणी श्रद्धेने मासे राखले आहेत. देहू येथील इंद्रायणीच्या डोहाकडे भाविक आदराने पाहतात. रायगड जिल्ह्यातील महाडजवळ वाळणकोंड येथील देवीच्या डोहात महसीर धरले जात नाहीत आणि भाविक त्यांना खाद्य घालतात. अशा राखीव डोहांमुळे मोठ्या माशांना सुरक्षित आसरा मिळाला आहे.

इंग्लंडमधील सार्वजनिक जीवन

निवृत्तीनंतर साइक्स यांनी इंग्लंडमध्ये दीर्घकाळ सार्वजनिक काम केले. १८३४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या संस्थापकांपैकी ते एक होते आणि १८६३ ते १८६५ या काळात तिचे अध्यक्षही होते. मनोरुग्णालयांची पाहणी करणाऱ्या सरकारी आयोगावर १८३५ ते १८४५ पर्यंत त्यांनी काम केले.

१८४० मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालक मंडळावर निवडून आले व १८५६ मध्ये मंडळाचे अध्यक्ष झाले. १८५८ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. वेरूळची लेणी, जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतील शिलालेख आणि प्राचीन भारताची धार्मिक व राजकीय स्थिती यांवरही त्यांनी लिहिले. चिनी प्रवासी फाहियान याच्या वृत्तांताचा उपयोग करून बौद्ध धर्माच्या इतिहासाकडे पाहणाऱ्या सुरुवातीच्या इंग्रज लेखकांत त्यांची गणना होते.

१८५७ मध्ये ते अ‍ॅबर्डीन मतदारसंघातून उदारमतवादी पक्षातर्फे संसदेवर निवडून आले आणि मृत्यूपर्यंत तेथील प्रतिनिधी राहिले. चीनमधील ताइपिंग उठावात ब्रिटनने केलेल्या हस्तक्षेपावर त्यांनी टीका केली व १८६३ मध्ये त्या विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले. वरच्या वातावरणाचा अभ्यास करण्यासाठी जेम्स ग्लेशर यांनी १८६२ मध्ये ज्या बलूनफेऱ्या केल्या, त्यांना साहाय्य करणाऱ्या ब्रिटिश असोसिएशनच्या समितीचे ते अध्यक्ष होते. दख्खनमध्ये सुरू झालेली हवामानाची आवड त्यांनी अशी अखेरपर्यंत जपली.

मृत्यू

१६ जून १८७२ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

वारसा

साइक्स यांचे नाव आज मुख्यतः तीन पक्ष्यांच्या इंग्रजी नावांत आढळते. मराठी वाचकाच्या दृष्टीने त्यांचे अधिक महत्त्वाचे काम माशांच्या नावांत आहे. इंद्रायणी, पवना व मुळा-मुठा या नद्यांचे रूप धरणे, कारखाने व वाढत्या वस्तीमुळे पुष्कळ बदलले आहे. त्यांच्या काठी मासेमारी करणाऱ्यांची संख्या घटली असून माशांची जुनी नावेही नव्या पिढीच्या बोलण्यातून मागे पडत आहेत. यांपैकी काही शब्द साइक्स यांच्या प्रबंधामुळे शास्त्रीय नामावलीत सुरक्षित राहिले आहेत. नदीत ते मासे शिल्लक आहेत का, हे तपासण्याचे काम आजचे स्थानिक अभ्यासक त्याच यादीच्या आधारे करत आहेत.